फडक्यात टांगलेलं दूध

धोंडगीर महाराजांचा मुक्काम त्या वर्षी बेलसांगवीला होता. गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर रामा तेल्याचा घाणा होता आणि घाण्याच्या ओसरीत, पेंडीच्या पोत्यांना टेकून, महाराज बसत. अंगावर गोणपाट, हातात नारळाची करवंटी. कुणी भाकरी आणून दिली की तिचे दोन तुकडे करायचे, एक घाण्याच्या बैलाला आणि एक आपल्याला. बैलाचा तुकडा नेहमी मोठा असे. "महाराज, हे काय?" म्हणून रामानं विचारलं, तर म्हणाले, "अरे, दिवसभर फिरतो तो. मी नुसता बसतो." अशी ती विरक्त मूर्ती!

त्याच गावात कुळकर्ण्यांच्या घरी तापी नावाची सून होती. तिची महाराजांवर भारी श्रद्धा. दुपारी घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकली की आपल्या वाट्याचा मूठभर ताकभात ती पळसाच्या पानावर घेई, दहा महिन्यांच्या ठकूला कडेवर उचली आणि घाण्यावर जाऊन तो महाराजांपुढे ठेवी. कधी काही मागितलं नाही. ठकूला दात येताना ताप चढला तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नव्हतं. पण तेव्हाही ती नुसती समोर उभी राहून रडली होती.

तापीच्या सासूबाई म्हाळसाबाई म्हणजे पंचक्रोशीतल्या नामांकित सुगरण. तुरीच्या डाळीला एरंडेल किती लावायचं, तांदळात कडुलिंबाचा पाला कधी घालायचा, पितळेला चिंच, काचेला राख, खाटेतल्या ढेकणांना रॉकेल, सगळं त्यांना मुखोद्गत. कुणाच्या लोणच्याला बुरशी आली की बाया त्यांच्याकडे धाव घेत. म्हाळसाबाई आधी पोटभर हसत, मग उपाय सांगत.

तापी ताकभात घेऊन निघाली की सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"निघाली का स्वारी? अगं, ज्याला गोणपाट टोचत नाही त्याला ताकाची चव काय कळणार? उद्या भिंतीच्या चुन्याची निवळी नेऊन ठेव, तीही पिईल!"

तापी मुकाट्यानं उंबरा ओलांडी.

त्या चैत्रात तापीच्या नणंदेचा, अंबूचा, साखरपुडा ठरला. शेलगावची माणसं तालेवार. तिथल्या विहीणबाईंनी मुलगी पसंत केली होती. पण पुढं निरोप धाडला होता की म्हाळसाबाईंच्या श्रीखंडाचं नाव फार ऐकलंय, ते खाऊनच सुपारी फोडू. झालं! म्हाळसाबाईंना दोन बोटं स्वर्ग उरला. चार घरचं दूध रतिबानं घेऊन त्यांनी सात मोठी गाडगी विरजली. विरजण लावताना कुणाला बोलू दिलं नाही, शिंकू दिलं नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सातही गाडगी माजघरात ओळीनं मांडलेली होती. दही असं लागलं होतं की गाडगं आडवं केलं तरी हलू नये.

भर दुपारी परसदारी हाक आली.

"माई, घोटभर दही वाढता का? जीभ टाळ्याला चिकटलीय."

दारात महाराज! आजवर ते कुणाच्या दारी गेले नव्हते. तापी धडपडत उठली. तोच म्हाळसाबाईंनी तिच्याकडे असे डोळे वटारले की ती जागच्या जागी खिळली.

"दही नाही घरात," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे सात गाडगी उभी होती.

महाराजांनी मान जरा वाकडी करून आत पाहिलं. "अजिबात नाही?"

"थेंब नाही."

"वाटीला लागलेलं, बोटानं चाटण्यापुरतं?"

"नाही म्हटलं ना! शंभरदा सांगू का?"

"शंभरदा कशाला? एकदा पुष्कळ झालं," महाराज म्हणाले. "एवढी मोठी सुगरण नाही म्हणते म्हणजे नसेलच." आणि आले तसे निघून गेले.

तापीला मान वर करवेना. परक्याला पाणी देतानाही गुळाचा खडा पुढं करणारी माणसं आपण, आणि दारी आलेल्या साधूला सात गाडगी पाठीमागे ठेवून नाही म्हणायचं!

उन्हं उतरल्यावर दही टांगायची वेळ झाली. म्हाळसाबाईंनी पहिल्या गाडग्याचं फडकं सोडलं, डाव आत घातला, आणि तो बुडाला. डुबुक्‌ आवाज झाला. दुसरं गाडगं उघडलं. तिसरं उघडलं. सातही गाडग्यांत दूध! पांढरंशुभ्र, गोड, आत्ता धार काढल्यासारखं दूध. दह्याचं नाव नाही.

दुधाचं दही सगळ्या जगानं पाहिलंय, बायांनो. दह्याचं दूध झालेलं कुणी ऐकलंय का?

म्हाळसाबाईंनी मात्र चमत्काराचा विचारही मनाला शिवू दिला नाही. त्यांनी उपाय आरंभले. वाटीत दूध घेऊन शेजारचं विरजण लावलं. त्यात मिरचीचे देठ टाकले. चांदीचा रुपया टाकला. चिंच कोळून घातली. शेवटी इरेला पेटून त्यात अख्खं लिंबू पिळलं. दूध आपलं दूधच! लिंबू पिळलं तरी फाटेना!

ओसरीवरून सासरे अप्पा आत डोकावले. त्यांनी वाटीतलं दूध चाखलं. "उत्तम आहे," ते म्हणाले. "असं न नासणारं दूध वैशाखात फार उपयोगी पडेल हो."

"तुम्ही बाहेर बसा!" म्हाळसाबाई कडाडल्या आणि तापीकडे वळल्या. "हे तुझंच काम! रोज त्या गोसाव्याच्या पायाची धूळ घरात आणतेस. उद्या विहीणबाईंनी विचारलं की चारचौघांत सांगणार आहे मी, आमच्या सुनेनं विरजण बिघडवलं. आणि अंबूची सोयरीक मोडली ना, तर तू तुझ्या माहेरी! ठकू राहील इथंच."

बाकी सगळं तापीनं ऐकून घेतलं असतं. पण शेवटचं वाक्य तिच्या काळजात सुरीसारखं घुसलं. तिनं चुलीकडे रांगत निघालेल्या ठकूला झटकन उचललं, पोटाशी घट्ट धरलं आणि तशीच मागच्या दारानं घाण्यावर आली.

महाराज बैलाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते.

"महाराज," तापी हुंदके देत म्हणाली, "दह्याचं दूध झालं."

"होणारच. तुझ्या सासूनं सांगितलं ना, घरात दही नाही म्हणून? आता तिच्यासारख्या थोर बाईला मी खोटं कसं पाडू? मी आपला साधा गोसावी."

"त्यांची चूक झाली महाराज. पण अंबूवन्संनी काय केलंय? आणि माझी ठकू…" तिला पुढं बोलवेना.

महाराजांनी ठकूकडे पाहिलं. तिनं त्यांची दाढी मुठीत धरली होती आणि सोडायला तयार नव्हती. महाराजांचा स्वर एकदम मऊ झाला.

"पोरी, दही कशात टांगता?"

"फडक्यात."

"मग दूध टांग."

"दूध? फडक्यात?"

"हो. बांधताना एवढंच म्हण, देवा, घरात जे आहे ते आहे. नाही म्हणणार नाही. जा. आणि आधी माझी दाढी सोडवून दे."

परतताना तापीच्या मनाची कोण तारांबळ! ती काही अडाणी नव्हती. फडक्यात दूध राहत नाही हे ठकूलासुद्धा कळेल. पण महाराजांचा शब्द! घरी येताच तिनं अप्पांच्या जुन्या उपरण्याची फडकी काढली. इतकी विरलेली, की त्यातून पलीकडचा दिवा दिसे. फडकं परातीत पसरलं, वर गाडगं रिकामं केलं, डोळे मिटून म्हणाली, "देवा, घरात जे आहे ते आहे, नाही म्हणणार नाही," आणि चारही टोकं आवळून पुरचुंडी माजघराच्या आढ्याच्या खुंटीला टांगली.

म्हाळसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना.

"अहो, इकडे या! अंबे, इकडे ये! सूनबाई दूध टांगतेय! उद्या उन्हात पाणी वाळत घालील! पुसायला पोतेरं घे गं कुणीतरी!"

सगळे गोळा झाले. सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. जमीन कोरडी. पुरचुंडीकडे पाहिलं. ती गरगरीत लोंबत होती. थेंब नाही, ओल नाही! तापीनं दुसरी टांगली, तिसरी टांगली. सातही पुरचुंड्या आढ्याला ओळीनं लागल्या, जणू सात चंद्र उगवले.

"मेण लावलंय फडक्याला!" म्हाळसाबाई म्हणाल्या. "मला शिकवतेय! सोड ती. मी बांधून दाखवते."

त्यांनी शेवटची पुरचुंडी खाली ओढली, परातीत सोडली, दूध पुन्हा त्याच फडक्यात ओतलं, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. त्यासरशी धो धो! दूध त्यांच्या अंबाड्यातून, कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून थेट पायांपर्यंत आलं. अप्पांनी कोपऱ्यातलं पोतेरं उचलून पुढं केलं. ठकू तेवढी टाळ्या पिटत होती.

म्हाळसाबाई लुगडं बदलायला गेल्या.

सकाळी उरलेल्या सहा पुरचुंड्या सोडल्या तर आत चक्का! लोण्यासारखा मऊ, घट्ट. साखर, केशर, वेलदोड्याची पूड घालून तापीनं तो फेटला. तोवर पाहुणे आले. पंगत बसली. तापी पुऱ्या तळत होती. तिचा अर्धा जीव कढईत आणि अर्धा ठकूत, म्हणून तिनं ठकूला अंबूच्या मांडीवर दिलं होतं. पण कान सगळे बाहेर. सोयरीक राहते की मोडते, आणि आपण या घरात राहतो की नाही, ते आता त्या पंगतीत ठरायचं होतं.

शेलगावच्या विहीणबाई अंगानं भरभक्कम आणि बोलायला रोखठोक. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरी वाढ मागितली. तिसरी मागितली. मग म्हणाल्या,

"म्हाळसाबाई, असं श्रीखंड मी जन्मात खाल्लं नाही. खरं सांगा, विरजण कुठलं?"

म्हाळसाबाईंच्या चेहऱ्यावर दूध पडल्यापासून पहिल्यांदा तेज आलं. त्या पदर सावरून म्हणाल्या, "इश्श, त्यात काय एवढं? आमच्या घराण्यातलंच विरजण ते. माझ्या हातचं…"

आणि विहीणबाईंच्या पानातलं श्रीखंड हललं.

आधी कडेनं पातळ झालं. मग त्याचा ओघळ कोशिंबिरीपर्यंत गेला. मग भाताच्या मुदीला वळसा घालून विहीणबाईंच्या नव्या शालूच्या रोखानं निघाला.

"अगंबाई!" विहीणबाईंनी शालू आवरला.

म्हाळसाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकदा त्या ओघळाकडे पाहिलं, एकदा अंबूकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून भडाभडा शब्द बाहेर पडले.

"नाही, नाही! विरजण माझं नाही! हे सुनेनं केलंय, माझ्या तापीनं! काल साधू दारी आला, मी दही असून नाही म्हटलं. दह्याचं दूध झालं ते माझ्या जिभेनं! आणि तुमच्यापुढं मी त्या पोरीच्या नावानं खडे फोडणार होते!"

ओघळ थांबला. मागं सरकला. श्रीखंड पानात पुन्हा शहाण्यासारखं घट्ट बसलं.

पंगतीत कुणी हात हलवेना. तापी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता विहीणबाई उठतात, असंच तिला वाटलं. विहीणबाईंनी बोटानं श्रीखंड दाबून पाहिलं. पुन्हा दाबून पाहिलं.

"चार गावच्या सोयरिकी पाहिल्या मी," त्या म्हणाल्या. "सगळ्या विहिणी आपली चूक सुनेवर लोटतात. आपल्या अंगावर घेणारी ही पहिलीच भेटली. फोडा सुपारी! आणि सूनबाई, तू वाढ गं. तुझ्या हाताला ते घाबरून असतं बहुतेक."

जेवणं झाली. पाहुणे ओसरीवर लवंडले. तापी नेहमीप्रमाणे पळसाचं पान घ्यायला गेली, तर म्हाळसाबाई आधीच श्रीखंडाची वाटी भरून उभ्या.

"मी येते," त्या पुटपुटल्या. "रस्ता दाखव."

घाणा दिसत होता तरी तापीनं रस्ता दाखवला.

महाराजांना पाहताच म्हाळसाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. त्यांनी वाटी पुढं ठेवली आणि पेंडीच्या भुग्यात, तेलकट जमिनीवर, नवं इरकली लुगडं नेसल्यानिशी लोटांगण घातलं.

"महाराज, चुकले. घरात असून नाही म्हटलं."

"उठा, म्हाळसाबाई," महाराज हसून म्हणाले. "मलाच तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्हाला घरातलं सगळं कळतं म्हणतात. इतक्या विरलेल्या फडक्यातून दूध गळलं कसं नाही हो?"

म्हाळसाबाईंनी बराच विचार केला.

"मला नाही ठाऊक, महाराज."

"मलाही नाही," महाराज म्हणाले, आणि श्रीखंडाचा मोठा वाटा बैलापुढं सरकवला. "ज्याला ठाऊक आहे, त्याचं नाव घ्या."

म्हाळसाबाईंनी पुन्हा एकदा त्या चरणांवर डोकं ठेवलं आणि या वेळी तापीनं हात धरून उठवीपर्यंत वर काढलं नाही.