चौथ्या राजाचा टोप

एका राज्यात राजे बदलत, तसे घोडेस्वारांचे टोपही बदलत. पहिल्या राजाच्या काळी टोप म्हणजे नुसती पितळेची उपडी वाटी. दुसऱ्याने मागे मानेवर पत्रा जोडला, तिसऱ्याने कान झाकले. चौथा राजा भीमकेतू. त्याला एका जादूगाराने टोपांना कडीने जोडायचे चांदीचे मुखवटे घडवून दिले. प्रत्येकावर राजाचाच निर्भय, हसरा चेहरा. राजाने एक चढवला, तीनशे स्वारांनी चढवले, आणि टोपांच्या कड्या मिटल्या त्या मिटल्याच.

घोडे आपल्या धन्यांना ओळखेनात. स्वार जवळ गेले की फुरफुरत दूर पळत. स्वार तोंडाच्या फटीतून पेज पिऊन राहिले. जादूगार म्हणाला, "पौर्णिमेचा चंद्र उगवला की आतले चेहरे पुसले जातील. मग राज्यात एकच चेहरा." एवढे बोलून तो घार होऊन उडून गेला.

राजकन्या सुवेला हिचा धाकटा भाऊ अरिंजय त्या तीनशेंत होता. तिला तो ओळखू येईना. हाक मारली तर सगळ्यांचे आवाज चांदीत घुमून सारखेच येत.

दरबारातले म्हातारे म्हणाले, "वडीलधाऱ्यांनी जोडलेले काढायचे नसते, राजकन्ये."

"काढायचं कोण म्हणतंय? का जोडलं, ते विचारायचं तरी असतं की नाही?"

"विचारायचेही नसते."

"मग बसा इथेच," असे म्हणून ती निघाली.

वेशीबाहेरच्या वडावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "डोंगरातल्या गुहेत तीन राजांचे टोप टांगले आहेत. प्रत्येकाला त्याची जखम विचार. मग चौथ्याला विचार."

सुवेला गुहेत गेली. पहिला टोप म्हणाला, "गोफणीच्या दगडाने माझे डोके फुटले."

दुसरा म्हणाला, "घोड्यावर वाकलो होतो. मागून वार झाला, मान चिरली."

तिसरा म्हणाला, "तलवारीने कान गेला, म्हणून झाकला. पण मग रणशिंग ऐकू येईना. मागे फिरायची खूण झाली, तरी माझी माणसे पुढेच जात राहिली. पोरी, कानांवर छिद्रे पाड. माझ्याकडून राहून गेले."

पौर्णिमेच्या संध्याकाळी, उजेड असतानाच, ती सिंहासनासमोर उभी राहिली.

"बाबा, पहिल्याचं डोकं, दुसऱ्याची मान, तिसऱ्याचा कान. तुमची जखम कुठली?"

"महाराजांना जाब?" म्हातारे ओरडले.

चांदी हसत राहिली. आतून राजा म्हणाला, "जखम नाही. रणात माझा चेहरा भेदरतो, सुवेला. तो कुणी पाहू नये, म्हणून."

कडी निघाली. मुखवटा फरशीवर खणखणत पडला. खाली घामेजलेला, थकलेला चेहरा होता. सुवेलाने तो आपल्या शेल्याने पुसला.

बाहेर चौकात एकेक कडी सुटू लागली. घोडे दौडत आले. एका तांबड्या घोडीने एका पोराच्या मानेत नाक खुपसले.

"सापडला आमचा गाढव!" सुवेला म्हणाली.

"ताई, आधी भाकरी दे," अरिंजय म्हणाला.

तेव्हापासून त्या राज्यातल्या टोपाला मानेवर पत्रा असतो, कानांवर छिद्रे असतात आणि चेहरा उघडा असतो. मुखवटे सणाच्या घोडदौडीत बांधतात, तेही साध्या नाडीने. पुढे भीमकेतू गेला, तेव्हा त्याचाही टोप गुहेत टांगला. कुणी जखम विचारली, तर तो सरळ सांगतो, "जखम नव्हती. भ्यालो होतो." विचारणाऱ्याचा घोडा तोवर गुहेच्या तोंडाशी निवांत चरत असतो.