कानावरची खूण

"पण आबा, बापाचं पोरात नक्की काय काय उतरतं?"

सिदबा माळावर कोकराला मांडीवर घेऊन बसले होते. आयुष्यभर मेंढ्या राखलेला माणूस. लोक त्यांच्याकडे मनातलं घेऊन यायचे.

"मला काय विचारतोस? शाळेत विज्ञान तू शिकवतोस. तूच सांग."

सोपान मास्तर सरसावून बसला.

"अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. काही गुण दिसतात, काही लपून राहतात. दोन्ही पांढऱ्या मेंढ्यांना काळं कोकरू होऊ शकतं. काळा रंग दोघांतही लपलेला असतो."

सिदबांचे डोळे चमकले.

"असं व्हय? परसाली झालं बघ तसं. मी उगीच शेजारच्या म्हाकूच्या काळ्या एडक्यावर आळ घेतला. वर्षभर बोललो न्हाई म्हाकूशी."

दोघंही हसले. मग सोपानने खांद्यावरची पिशवी उतरवून दगडावर ठेवली.

"आबा, माझा बाप दारू पिऊन मारायचा. हा कपाळावरचा वण त्याच्या काठीचा. कावेरीला आता आठवा महिना आहे. मी घर सोडलंय. इथंच तुमच्यापाशी राहीन. मी लांब असलो तर माझा हात त्या लेकरावर उठणार नाही. एवढा त्याग मी करू शकतो."

शेवटचं वाक्य त्याने जरा मान ताठ करून म्हटलं.

"कावेरीला विचारलंस?"

"...नाही."

सिदबांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला.

"ही लोकर बघ. कशी राठ हाय. माझ्या बापानं एकदा लांबनं मऊ लोकरीचा एडका आणला. त्याची पिल्लं बाभळीत अडकायची, उन्हात धापा टाकायची. दोन उन्हाळ्यांत निम्मी गेली. ज्यांची लोकर आईवर गेली होती, तीच राहिली. त्यांचीच ही नातवंडं."

"म्हणजे माझंच खरं. रक्तात असतं तेच येतं."

"व्हय."

सिदबांनी समोरच्या मेंढीकडे बोट दाखवलं. तिच्या डाव्या कानाला टोकाशी खाच होती. साऱ्या कळपाला तशीच होती.

"ती ह्याची आई. ही आमच्या घरची खूण. पणज्यापासनं चालत आलीय. आईला हाय, आजीला होती, तिच्या आईलाबी होती. मग ह्याला का न्हाई?"

कोकराचे दोन्ही कान अख्खे होते.

"सोपं आहे, आबा. ती खाच चाकूने केलेली. जखम काही पोटातून येत..."

सोपान थांबला. त्याचा हात कपाळाकडे गेला.

सिदबांनी कमरेचा छोटा चाकू काढून त्याच्या हातात दिला. कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मग आज तू कर."

सोपानने कान धरला. गरम होता. उन्हात त्यातल्या बारीक शिरा दिसत होत्या. कोकरू त्याच्या शर्टाचं बटण चोखू लागलं.

त्याने चाकू उघडला, कानाजवळ नेला, परत मागे घेतला.

सोपानने चाकू मिटून जमिनीवर ठेवला.

"नाही जमत."

कोकरू उडी मारून आईकडे पळालं. सोपान त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, दगडावरची पिशवी घेतली, आणि तिथंच घुटमळला.

"आबा, पण बापाचा राग माझ्यात नसेलच कशावरून?"

"असंल की."

सिदबा वाकले. चाकू उचलला, धोतराला पुसला.

"चार पिढ्या चाललाय हा, सोपान. कुणी न चालवता खाली ठेवलेला मी आज पहिल्यांदा बघितला."