हाकेचा तास

ऐका मुलांनो, ही गोष्ट आहे रानातल्या एका शाळेची. ओढ्याकाठी एक मोठा उंबर होता आणि त्याच्या सावलीत रोज सकाळी पिल्लांचा वर्ग भरत असे. शिकवायला होती एक म्हातारी वानरीण. सगळे तिला बाई म्हणत. कोणतं फळ कधी पिकतं, चिखलातलं पाऊल कोणाचं, वारा कुठून आला तर पळायचं कुठे, सगळं बाई शिकवत. त्या वर्गात एक छोटं कासव होतं. शाळेचं त्याला भारी वेड! पाय आखूड, चाल हळू, म्हणून बिचारं तांबडं फुटायला घरून निघे आणि हजेरीला सगळ्यांच्या आधी हजर असे.

पण त्याच्यामागे एक पीडा होती. रानडुकराचा पोरगा. अंगाने दांडगा, आणि कोणाची तरी खोडी काढल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नसे. मधल्या सुट्टीत तो यायचा, कासवाच्या पोटाखाली नाक खुपसायचा आणि एका झटक्यात त्याला उताणं करायचा. मग काय! चारही पाय हवेत वळवळताहेत, पाठ जमिनीवर गरागरा फिरतेय आणि डोळ्यांपुढे नुसतं आभाळ. "बघा रे बघा, हे आभाळात चालतंय!" पोरगा ओरडायचा. ससा हसे, खार हसे, चितळाचं पाडससुद्धा हसे. पाडसाला खरं तर मुळीच हसू येत नसे, पण आज हसलो नाही तर उद्या आपली पाळी, ही धास्ती. मला विचाराल तर त्या पोरग्यापेक्षा या हसणाऱ्यांचाच जास्त राग येतो. घंटा झाली की कोणीतरी घाईघाईने कासवाला सुलटं करी आणि सगळे जागेवर जाऊन बसत.

बाईंच्या कानावर काहीबाही आलं. त्यांनी एके दिवशी भर वर्गात विचारलं, "कासवा, तुला कोणी त्रास देतं का रे? सांग, घाबरू नकोस." सगळ्यांच्या माना वळल्या. रानडुकराचा पोरगा तर पुढ्यातच बसलेला. आता कासवाने काय करावं? कासवं जे करतात तेच त्याने केलं. डोकं आत ओढून घेतलं. बाईंना वाटलं, चला, तक्रार काही नाही. त्यांनी धडा पुढे सुरू केला, आणि दुसऱ्या दिवसापासून कासव शाळेत यायचं बंद झालं.

आई विचारी, "का रे, शाळा नाही का?" ते म्हणे, "पाय दुखतात." पण सकाळ झाली की त्याला चैन पडत नसे. ओढ्याच्या अलीकडे, तळ्याच्या काठावर एक दगड होता. तिथून उंबर दिसत नसे, पण वारा तिकडून आला की वर्गाचा आवाज ऐकू येई. कासव मान लांब करून तासन्‌तास तिथे बसे. बाई विचारत, "करवंदं कधी पिकतात?" आणि इकडे कासव हळूच म्हणे, "वैशाखात, बाई." उत्तर बरोबर असे, पण शाबास म्हणायला कोणी नसे. हजेरीच्या वेळी तर त्याचा जीव नुसता तुटे. सशाचं नाव, खारीचं नाव, मग कासवाचं नाव, जराशी शांतता, आणि पुढचं नाव. त्या शांततेत ते रोज "हजर" म्हणत असे. वारा फिरला की तेवढाही आवाज येईनासा होई आणि मग पाण्याकडे बघत बसण्यावाचून त्याला काही उरत नसे. असे दोन महिने गेले, मुलांनो. दोन महिने म्हणजे काही थोडे झाले का?

एकदा चितळाचं पाडस पाणी प्यायला तळ्यावर आलं. बघतं तर दगडावर बसून कासव एकटंच धड्यांची उत्तरं देतंय! पाडसाच्या काळजात चर्र झालं. ते पाणी न पिताच पळत सुटलं आणि बाईंपुढे जाऊन उभं राहिलं. "बाई, तो रानडुकराचा पोरगा कासवाला रोज उताणं करायचा. आणि मी हसत होतो, बाई." एवढं सांगून ते रडायलाच लागलं.

बाई तशाच तळ्यावर आल्या. "अरे बाळा, मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, बाई," कासव म्हणालं, "मी डोकं आत घेतलं होतं."

इतकी वर्षं पावलं ओळखायला शिकवली आणि एका लेकराचं एवढंसं बोलणं आपल्याला कळू नये, याची बाईंना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "बिबट्या दिसला तर काय करता?"

"ओरडतो!" सगळे एका सुरात म्हणाले.

"तो कोणाच्या मागे लागलाय, हे आधी बघता?"

"छे! बघत बसलो तर तो येईल ना!"

"मग वर्गात कोणी कोणाला रडवतं तेव्हा कुठे जाते रे तुमची हाक?"

त्या दिवसापासून शाळेत दर शनिवारी हाकेचा तास सुरू झाला. एकाने खोटं खोटं पडायचं, जो बघेल त्याने हाक द्यायची, आणि हाक ऐकली की सगळ्यांनी धावत येऊन पडलेल्याच्या बाजूला उभं राहायचं. मारायचं नाही, चिडवायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पहिल्या शनिवारी सगळी हसून हसून लोळली. दुसऱ्या शनिवारी ससा चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बाईंनी मात्र तास सोडला नाही. रानडुकराच्या पोरग्यालाही त्यांनी पडायला लावलं, त्याच्यासाठीही हाक दिली गेली, पण तो फुरफुरत निघून गेला.

महिन्याने पाडस कासवाला घेऊन आलं. कासव वाटेत दोनदा थांबलं, तरी पाय उंबराकडे ओढ घेत होते. मधली सुट्टी झाली, आणि पोरगा आलाच! त्याने नाक खुपसलं, कासव उताणं झालं. आणि मग फांदीवरून खारीची हाक आली. एवढीशी खार, पण अख्खं रान दणाणलं! पाडस धावलं, ससा धावला, या वेळी बरोबर बाजूला. पाहता पाहता कासवाभोवती सगळा वर्ग उभा राहिला आणि त्यांनी त्याला सुलटं केलं.

"मी तर गंमत करत होतो," पोरगा पुटपुटला. त्याच्या बाजूला कोणीच नव्हतं.

"मग त्यालाच विचार," बाई म्हणाल्या, "गंमत होती का?"

पोरग्याने कधी नव्हे ते कासवाच्या तोंडाकडे पाहिलं. "गंमत नव्हती का रे?"

कासवाची मान थरथरत होती. पण ती बाहेरच राहिली. "नाही," ते म्हणालं, "कधीच नव्हती."

पोरग्याने मान खाली घातली. "चुकलो," तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात. बाईंनी त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं, कारण त्यालाही बरंच शिकायचं होतं. मग त्या कासवाकडे वळल्या. "बाळा, लागलं का तुला? घरी जायचंय का?"

"नको, बाई," कासव घाईघाईने म्हणालं. "धडा कुठवर आलाय?"

तात्पर्य, मुलांनो, एवढंच : ज्याला त्रास होतो त्याच्या तोंडाकडे बघत थांबू नये, जो पाहतो त्यानेच आधी हाक द्यावी.