चिकाचा कातळ

आंबेघोळच्या वेशीबाहेर सगळ्या काळ्या दगडांत एकच पांढरा कातळ आहे. त्यावर कोणी बसत नाही, धुणं वाळत घालत नाही. पाहुणे आले की भिवा गुरव त्यांना तिथे नेतो, वहाणा लांबच काढायला लावतो आणि मग सांगायला लागतो.

या गावात म्हणे ठकू नावाची गवळीण होती. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करावा तो ठकूनेच. गुळाचा, केशराचा, नारळाच्या रसातला, जायफळ लावलेला. ज्याची जशी जीभ तसा त्याचा खरवस. चार गावचे लोक वाट वाकडी करून येत, आणि ठकूला ते फार आवडे. पण नेम असा, की आधी वासराचं पोट भरायचं आणि उरेल तोच चीक चुलीवर चढवायचा.

तिची सून येसू पोटुशी होती. अन्न पोटात ठरेना, डोहाळे मात्र खरवसाचे. नेमकी ढवळी गाय व्याली. एका वेळेने काय होतंय, असं म्हणून ठकूने वासरू खुंट्याला बांधलं आणि सगळा चीक काढून घेतला. येसू पोटभर जेवली. मग शेजारणी आल्या, पाटलांचा निरोप आला. ठकूला कोणाला नाही म्हणवेना. तिसऱ्या दिवशी वासरू दाव्यातच गेलं. ठकूने ते वेशीबाहेर कातळाशेजारी पुरलं. ढवळी हंबरली नाही, नुसती तिथे जाऊन उभी राहिली ती हलेचना.

महिन्याने येसूला मुलगा झाला, पण तिला दूध येईना. गावातल्या गाईम्हशींनीही पान्हा चोरला, असं सांगतात. पाचव्या दिवशी पोराचं रडणंसुद्धा थांबलं, तेव्हा ठकूचं काळीज फाटलं. तिने पोर उचलून नेलं आणि ढवळीपुढे कातळावर ठेवलं.

"जिभेपायी तुझं लेकरू मी मारलं, बाय. या गावातल्या कुठल्याच घरची थोरली बाई आता खरवस चाखणार नाही. याला जगव."

ढवळी बराच वेळ बघत राहिली. मग तिला पान्हा फुटला. कातळ भिजून पांढरा झाला, पोर वाचलं. तिथून हलताना गाईने ठकूचं तोंड चाटलं म्हणे. त्यानंतर ठकू वीस वर्षं जगली, पण तिला कशाचीच चव लागली नाही.

आजही आंबेघोळात सासू गेली, की सुनेचा खरवस सुटतो. भिवाची बायको सुंदरा केळीच्या पानावर वड्या वाढते, गोडाचा अंदाज हातानेच घेते. मागे एका पाहुणीने आग्रहाने एक तुकडा तिच्या तोंडाशी नेला. सुंदराने तोंड फिरवलं आणि आतल्या पाळण्याकडे पाहिलं.

"घरात तान्हं आहे, ताई."