चिंचेचा थांबा

शहरात टांगे होते तेव्हाचा एक मैलाचा दगड फूटपाथच्या कडेला गळ्यापर्यंत गाडला गेला होता. शेजारी उड्डाणपुलाचा खांब होता. तो रोज चिडायचा, कारण बस थांबली की कंडक्टर ओरडायचा, "चला, चिंचवाले उतरा!"

"कुठाय चिंच?" खांब म्हणाला. "इथे उभा मी, आणि नाव त्या तोडलेल्या झाडाचं!"

दगड हसला. "चिंचही अशीच कुरकुरायची. माणसं तिच्याच सावलीत बसून म्हणायची, उद्या तळ्यावर भेटू. तळं तर कधीच बुजवलेलं. मग चिंच तोडली, तेव्हा कुठे लोकांना तिची सावली आठवली."

"म्हणजे माझं नाव कोणी घेणारच नाही?"

"घेतील रे. घाई नको करूस."

पुढे मेट्रो आली. पूल पाडला आणि त्या जागी नवा, उंच खांब उभा राहिला. एका सकाळी बस थांबली आणि कंडक्टर ओरडला, "चला, पूलवाले उतरा!" उतरता उतरता एक बाई लेकीला म्हणाली, "काय पूल होता गं इथे! त्याच्याखाली उभं राहून आम्ही पाणीपुरी खायचो."

"कुठाय पूल?" नवा खांब चिडून म्हणाला.

दगड या वेळी हसला नाही.