दोन्ही हातांत चहा

“सर, हा... हा माउस आहे?”

“हो.”

“तुमच्या टेबलावर?”

“चावत नाही तो. बस.”

श्रीनंद बसला नाही. गोठोसकर सरांच्या पडद्यावर हिरव्या पटावर पत्ते मांडलेले होते. सरांनी बदामाची सत्ती माउसने उचलली आणि अलगद काळ्या अठ्ठीवर नेऊन ठेवली.

एखाद्या बुवांना हॉटेलात आम्लेट खाताना पाहावं, तसा माझ्या नवऱ्याचा चेहरा झाला.

लग्नानंतर सरांच्या पाया पडायला आम्ही देवरुखला आलो होतो. सरांबद्दल वाटेत सगळं सांगून झालं होतं. पॉलिटेक्निकच्या लॅबमधले सगळे माउस त्यांनी एके दिवशी काढून कपाटात कुलूपबंद केले आणि मुलांना काळ्या पडद्यावर कमांड लिहायला बसवलं. त्या दिवशी श्रीनंदला म्हणे दृष्टी आली. तेव्हापासून तो माउसला शिवलेला नाही. मेल, गाणी, फोटो, सगळं काळ्या पडद्यावर ओळी लिहून.

घरच्या कॉम्प्युटरवरची क्लिक करायची चित्रंही त्याने काढून टाकली. सासूबाईंना अभंग ऐकायचा होता, तेव्हा त्याने त्यांना एक ओळ लिहून दिली. त्या ती जपासारखी पुटपुटत बसल्या. मग उठून रेडिओ लावला.

आणि आज तो नुसता पाया पडायला आलेला नव्हता. सरांच्या घरामागे एक खोली आहे. तिथे जुने कॉम्प्युटर मांडून सरांनी ती गावाला मोकळी ठेवली होती. बचत गटाच्या बायका कोकमाच्या बाटल्यांची लेबलं करायला येत, म्हातारी माणसं लांबच्या नातवंडांशी बोलायला येत. सरांना आता दिवसभर बसवत नव्हतं. खोली कोणाच्या हाती द्यायची, ते ठरायचं होतं.

श्रीनंदला ती हवी होती. मला मागणी घालतानाही तो इतका घाबरलेला नव्हता.

“सर, माउस तुम्हीच काढून घेतले होते.”

“घेतले होते.”

“माणूस आणि यंत्र यांच्यात मध्ये चित्र नको, म्हणून. आम्हाला ते न सांगता कळलं होतं.”

सरांनी पत्त्यांवरची नजर काढली नाही.

“त्या माउसच्या पोटात रबराचा गोळा असायचा. तुझ्या वर्गातली कार्टी तो काढून व्हरांड्यात क्रिकेट खेळायची.”

“म्हणून?”

“म्हणून. प्राचार्यांच्या खिडकीची काच फुटली रे.”

मी भिंतीकडे पाहत राहिले. नव्या नवरीने हसायचं नसतं.

पण माझा नवरा असा खचणारा नाही, हे एवढ्या दिवसांत मला कळलंय.

“कारण काही का असेना सर, तत्त्व खोटं होत नाही. चित्रावर बोट ठेवत फिरायचं, हे सगुण. कमांड म्हणजे निर्गुण. एकदा ते कळल्यावर मूर्ती हवी कशाला?”

“निर्गुण कळलेला माणूस दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या मूर्ती उचलून नेत नाही, श्रीनंद.”

सासूबाईंच्या अभंगाबद्दल मी सरांना काही बोलले नव्हते. देवाशपथ.

श्रीनंदने लॅपटॉप उघडला. बोलण्यापेक्षा करून दाखवतो म्हणाला. गावच्या उत्सवाचे शेकडो फोटो होते. त्याने एक ओळ लिहिली, आणि सगळ्यांना तारखेप्रमाणे नावं मिळून ते आपापल्या कप्प्यात जाऊन बसले. डोळा लवतो न लवतो तोच.

सर पुढे वाकले. ओळ परत वाचली.

“सुरेख,” ते म्हणाले. मनापासून म्हणाले. “मी शिकवलं त्याहून चांगली लिहितोस.”

“हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही, सर.”

“ते दिसतंय.”

“मग... खोली?”

खुर्ची फिरवून सर माझ्याकडे वळले.

“सूनबाई, तुला याच्यावर काही करायचं असतं की नाही?”

“आईला लग्नाचा एक फोटो पाठवायचाय. बाबा हसतायत तो.”

“केव्हापासून?”

“लग्नापासून.”

श्रीनंद उसळला. “अगं, एका ओळीचं काम आहे! किती वेळा सांगितलं.”

“सांगितलंस,” मी म्हटलं. “आणि दर वेळी ‘सरक, मीच करतो’ म्हणालास. आणि मग तुझी मीटिंग लागली.”

सर उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला.

सर चहा घेऊन आले. दोन कपबशा, काठोकाठ भरलेल्या. एक कप त्यांनी श्रीनंदच्या उजव्या हातात दिला.

दुसरा त्याच्या डाव्या हातात.

“हा तिचा. ती कामात आहे. धरून ठेव.”

“टेबलावर ठेवतो ना.”

“धरून ठेव. आणि तिला शिकव.”

मी लॅपटॉपसमोर बसले. काळा पडदा, आणि त्यात लुकलुकणारी एक रेघ.

“काय लिहू?”

“आधी त्या फोल्डरमध्ये जा.”

“कसं?”

“कसं म्हणजे काय! नेहमीसारखं. इकडे दे, मी...”

चहा बशीत सांडला. सर खाकरले.

“सी, डी,” श्रीनंद दात आवळून म्हणाला. “मग जागा सोड. मग नाव.”

मी लिहिलं. मशीनने ‘असं काही नाही’ असं सांगितलं.

“पहिलं अक्षर मोठं! अगं, मोठं!... नाही, ते नाही. खोड. सगळं नको खोडूस! अरे देवा.”

परत लिहिलं. परत नाही. श्रीनंदचे दोन्ही कोपर हवेत पंखांसारखे हलत होते. कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

“सर, अशाने संध्याकाळ होईल!”

“होऊ दे. मशीन कुठे जातंय?”

फोल्डर उघडला. नावांची रांग आली. सगळी अक्षरं आणि आकडे.

“यातला बाबांचा कोणता?”

श्रीनंद जरा हळू आवाजात म्हणाला, “ते... बघावं लागेल. एकेक उघडून.”

“उघडायचं कसं?”

त्याने सांगितलं. या वेळी अक्षर-अक्षर, थांबत थांबत. मी एकेक फोटो उघडत गेले. मामा. बँडवाले. अक्षता. कोणाचा तरी अंगठा.

मग बाबा आले. तोंड उघडून, डोळे मिटून हसत होते. त्यांच्या शेजारी मुंडावळ्या कानामागे सरकवून श्रीनंद तसाच हसत होता.

“हा मी पाहिलाच नव्हता,” तो म्हणाला.

“मीपण नाही. काढताना तेवढं पाहिलं होतं.”

त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

पाठवायची ओळ मी त्याला विचारून विचारून लिहिली. खरं सांगायचं तर, शेवटचं बटण दाबलं आणि मशीनने ती ओळ मुकाट्याने ऐकली, तेव्हा मला बरं वाटलं. मध्येच कोणी बोललं नाही, सरक म्हटलं नाही. काळा पडदा श्रीनंदला का आवडतो, ते मला तेव्हा थोडंसं कळलं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आईचा लगेच फोन आला. ती रडत होती आणि हसत होती. मी दाराबाहेर जाऊन बोलले.

परत आले, तर श्रीनंद दोन्ही हातांत गार कप घेऊन ताठ उभा होता. चेहरा फुललेला.

“पाहिलंत ना सर? झालं की नाही? माउसला हात न लावता!”

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, यांना झोप लागली. मग वाटलं, झोप नव्हे, हे काहीतरी गिळतायत. मी रोज जे गिळते तेच.

“झालं,” ते म्हणाले.

“मग सर... खोली?”

सरांनी त्याच्या हातातले कप काढून घेतले. एकेक करून.

“उद्यापासून ये,” ते म्हणाले. “येताना हात तेवढे घरी ठेवून ये.”