तात्यासाहेबांची तसबीर

आमच्या गावात चार निवृत्त बायका हौसेनं जुन्या वस्तूंचं संग्रहालय चालवतात. शाळांच्या सहली आल्या तरच ते टिकणार. पण सहलींना परवानगी देणार शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब मोहोळकर. बसथांब्यापासून स्मशानाच्या फाटकापर्यंत गावात फोटो त्यांचेच.

"दर्शनी भिंतीवर माझी तसबीर लावा, मग मुलं पाठवतो," ते म्हणाले.

"एवढंच ना? लावते की!" शालिनीताई ओगले म्हणाल्या. बाकीच्या तिघींनी कपाळाला हात लावला.

पहिली सहल आली, तेव्हा मिरवायला तात्यासाहेबही हजर. इथली रीत अशी, की ताई काही सांगत नाहीत. वस्तूचा उपयोग मुलांनीच ओळखायचा. मुलांनी अडकित्ता ओळखला, चुलीची फुंकणीही ओळखली. मग ताई तसबिरीखाली थांबल्या.

"आता सांगा, यांचा उपयोग काय?"

मुलं विचारात पडली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, हे फार अवघड आहे. हिंट द्या ना!"

ताई अदबीनं वळल्या. "साहेब, हिंट तुम्हीच द्या. आम्ही चौघीही कधीच्या डोकं खाजवतोय."

तसबीर तात्यासाहेबांनी स्वतःच उतरवून नेली. सहली बंद करायच्या, तर कारण काय सांगणार? त्या चालूच राहिल्या.

भिंतीवर खिळा तेवढा उरलाय. त्याचा उपयोग मुलं पटकन ओळखतात.